जुळ्या मशिनी

सहादूच्या ऑर्केस्ट्रात दोन मशिनी होत्या आणि दोन्ही गोरक्षने बांधलेल्या होत्या. मशीन म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, पण एवढा लांबलचक शब्द उच्चारायला पार्टीत वेळ कोणाला होता? दोन्ही एकाच प्लायवूडच्या, एकाच काळ्या रेक्झिनच्या, पुढचं जाळीचं कापडही एकाच तुकड्यातून फाडलेलं. आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, सारखेच व्हॉल्व्ह. चालू केल्या की दोन्हींच्या मागच्या फटीतून सारखाच केशरी उजेड दिसायचा. लोक त्यांना जुळ्या म्हणायचे. लोकांचं काय जातंय? लोक जुळ्या पोरांना एका रंगाचे सदरे चढवून मोकळे होतात. कोण रडतंय ते अंधारात फक्त आईला कळतं.

निवृत्तीला तसं कळायचं.

निवृत्ती नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होता. दिवसभर पत्र्यावर दणादण प्रेस पडायचे आणि संध्याकाळी हा गिटार गळ्यात अडकवून सहादूच्या पार्टीत उभा राहायचा. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मग लग्नसराई, मग गणपती, असं त्यांचं वर्ष जायचं. गोरक्ष त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं नाशकातच, द्वारकेच्या चौकात, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं, जो तो ट्रान्झिस्टर घेऊन मिरवत होता आणि व्हॉल्व्हचे रेडिओ भंगारात देत होता. गोरक्ष तेच भंगार उचलून आणायचा. म्हणायचा, "ट्रान्झिस्टर बोलतो, निवऱ्या. व्हॉल्व्ह गातो."

पहिली मशीन निवृत्तीसाठी झाली. तिच्यात एका गोष्टीवर सगळं अडलं होतं, ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हचा आवाज ज्या तारेच्या गुंडाळीतून स्पीकरपर्यंत पोचतो तो हा लोखंडी गठ्ठा. गोरक्षला हवा तसा तो नाशकात मिळेना. शेवटी निवृत्तीने तो घरीच गुंडाळला. केसासारखी तार, एकावर एक थर, मध्ये कागद. एक वेढा दुसऱ्यावर चढला की उकला आणि पुन्हा सुरुवात करा. निवृत्तीचा धीर दोन दिवसांत संपला. मग मालन बसली. मालन म्हणजे त्याची बायको. तिचा हात स्थिर होता आणि राग लवकर येत नसे. तारेचं शेवटचं टोक तिने ब्लाउजला हूक लावायच्या जांभळ्या रेशमी दोऱ्याने बांधलं, कारण घरात तेवढाच दोरा होता.

दुसरी मशीन नाथासाठी. नाथा मखमलाबादकडचा, फुलांच्या मळ्यातला पोरगा, पार्टीत नुसते कॉर्ड वाजवायचा, म्हणजे मागून साथ द्यायचा; पुढची धून, लीड, निवृत्तीची. तोवर मुंबईहून तयार ट्रान्सफॉर्मर आला होता, गोरक्षने तो बसवून टाकला. बाकी सगळं तेच.

पण ते तेच नव्हतं ना! नाथाच्या मशिनीत आवाज स्वच्छ यायचा, खणखणीत यायचा. हजेरी घेतल्यावर "हजर" म्हणावं तसा ताबडतोब यायचा आणि ताबडतोब संपायचा. निवृत्तीच्या मशिनीत तार छेडली की आवाज आधी किंचित दबायचा आणि मग तव्यावरची भाकरी फुगते तसा सावकाश भरून यायचा. जोरात छेडलं की त्याला कड चढायची, हळू छेडलं की तो कानाशी येऊन बोलायचा. आणि ही फक्त ऐकण्याची गोष्ट नव्हती. त्याच गिटारची तीच तार या मशिनीवर बोटाखाली मऊ लागायची, त्या मशिनीवर ताठ. ऐकणाऱ्याला फरक थोडा वाटायचा. वाजवणाऱ्याला तो जमीनअस्मानाचा होता.

निवृत्तीला हे शब्दांत सांगता यायचं नाही. पण त्याला सांगायची गरजच नव्हती, कारण घरी मालन होती. मालन सिन्नरकडची. तिचे वडील गायन पार्टीचे गवई, त्यामुळे पेटी-ढोलकीच्या आवाजात ती लहानाची मोठी झालेली. निवृत्ती नवीन गाणं बसवायचा तेव्हा ती चुलीपुढे पाठमोरी बसलेली असायची. वाजवून झालं की तो विचारायचा, "कसं झालं?" चांगलं झालं असेल तर ती म्हणायची, "हं." नसेल तर काहीच म्हणायची नाही. मैदानभर माणसांनी शिट्ट्या मारल्या तरी तिच्या "हं"शिवाय निवृत्तीला जेवण गोड लागत नसे.

एकोणऐंशी सालच्या गणपतीत पंचवटीत कार्यक्रम झाला. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राचा मालक देवदर्शनाला आलेला, तो गर्दीत उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. नंतर स्टेजमागे येऊन म्हणाला, "हे बोट आणि ही मशीन घेऊन दिवाळीनंतर माझ्याकडे ये. वर्षभर दौरे आहेत." निवृत्ती त्या दिवशी पायी घरी आला की उडत आला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. घरात शिरल्या शिरल्या म्हणाला, "मालन, मी नोकरी सोडतोय." मालन पोरांना वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "बरं."

दिवाळीच्या आधी मशिनीत घुंईऽऽ असा आवाज यायला लागला. व्हॉल्व्हच्या मशिनीला मागून हात घालायचा नाही, तो फक्त मिस्त्रीने घालायचा, हा पार्टीचा कडक नियम होता. बंद मशिनीतसुद्धा माणसाला भिंतीवर फेकेल एवढा करंट शिल्लक असतो, आणि एकदा ढोलकीवाला तसा फेकला गेलेलाही होता. सहादूने आणखी एक नियम केला होता: आपली मशीन आपणच लावायची, दुसऱ्याच्या मशिनीला हात लावायचा नाही. तेव्हा निवृत्तीने मशीन सायकलच्या कॅरियरला बांधली आणि द्वारकेला गोरक्षकडे नेऊन टाकली. चार-सहा दिवसांनी परत आणली. घुंई गेली होती.

सोबत आवाजही गेला होता.

निवृत्तीने तार छेडली आणि तो थांबला. पुन्हा छेडली. आवाज आला, स्वच्छ, खणखणीत आणि मेलेला. त्याने मालनकडे पाहिलं. "आवाज बदललाय ना?"

मालन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तर तोच वाटतो."

तो दुसऱ्या दिवशी दुकानात गेला. गोरक्षने मशीन टेबलावर घेतली, मीटर लावला, काटा दाखवला. "सगळं बरोबर आहे, निवऱ्या." तो परत गेला. चौथ्यांदा गेला तेव्हा गोरक्षने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "राग मानू नको. प्रेस शॉपला किती वर्षं झाली तुला? कान असाच जातो. बोलणं सगळं ऐकू येतं, पण आवाजाची बारीक कड आधी जाते. मशीन तीच आहे. तूच कमी ऐकतोस."

आता यावर माणसाने काय म्हणावं? प्रेस शॉपमध्ये दहा वर्षं काढलेला एकही माणूस असा नव्हता, ज्याला हाक दुसऱ्यांदा मारावी लागत नव्हती. शॉपमधले जुने चिमाजीमामा तर सायरन झाला तरी कामच करत राहायचे, कोणीतरी खांद्यावर हात ठेवेपर्यंत. निवृत्ती डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, मळ नाही म्हणाले, प्रेसवर असता तर कापूस घालत जा म्हणाले. झालं. तेव्हापासून मालन रोज सकाळी डब्याबरोबर कापसाचे दोन बोळे वळून द्यायची.

तरी माणूस सहजासहजी मानत नाही. तो घरी रोज वाजवायचा आणि रोज विचारायचा, "खरं सांग, तोच आहे?" आणि मालन रोज सांगायची, "तोच आहे." मग त्याने विचारणं सोडलं. मुंबईच्या मालकाला निरोप धाडला की जमणार नाही. बहिऱ्याने गिटार घेऊन कुठे जायचं? लोकांपुढे हसं होण्यापेक्षा प्रेस बरा. सहादूला म्हणाला, "लीड आता नाथाला दे. मी मागे कॉर्ड वाजवतो."

सहादूने आढेवेढे घेतले, पण फार नाही. म्हणाला, "नाथ्या आजकाल लय गोड वाजवायला लागलाय, हे बी खरंच हाय."

खरंच होतं ते. नाथा पुढे उभा राहून वाजवायचा, लोक माना डोलवायचे, आणि मागे उभा निवृत्ती मनात म्हणायचा, माझ्या कानाला एवढं बरं लागतंय म्हणजे लोकांना किती लागत असेल! मत्सर वाटायचा, आणि मत्सर वाटल्याची लाजही वाटायची.

वैशाखात नाथाचं लग्न ठरलं, गोरक्षच्या बहिणीशी, कलाशी. कला निवृत्तीच्या डोळ्यांदेखत वाढलेली. शाळकरी वयात त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून ती बोहाड्याची सोंगं बघायला गेली होती. तिच्या पत्रिकेला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे या सोयरिकीने गोरक्षच्या घरात दिवाळी झाली होती. नवरदेवच पार्टीतला म्हटल्यावर ऑर्केस्ट्रा आपलाच. पण नवरदेव मुंडावळ्या बांधून गिटार कशी वाजवणार? सहादूने लग्नाच्या दिवशी निवृत्तीला पुढे ढकललं. "आज लीड तूच. कॉर्ड मी भागवतो कसंतरी. आन् नाथाची मशीन पुढं लावलीय, तीच घे. नवरदेवाची परमिशन हाय."

दुपारची वेळ. मळ्यातच मांडव पडलेला, शेवंतीच्या वाफ्यांना लागून. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. निवृत्तीने वायर नाथाच्या मशिनीत खोवली, व्हॉल्व्ह तापायची वाट पाहिली आणि सूर लावून बघावा म्हणून एक तार छेडली.

आवाज किंचित दबला आणि मग सावकाश भरून आला.

त्याच्या बोटाला आधी कळलं, कानाला नंतर. तार मऊ लागली होती. त्याने हळू छेडलं, आवाज कानाशी आला. जोरात छेडलं, कड चढली. सगळं होतं. ती बारीक कड, जी त्याच्या कानातून कायमची गेली म्हणून सांगितलं होतं, ती समोर उभी होती आणि त्याला लख्ख ऐकू येत होती.

तो उठला. मागे जाऊन स्वतःच्या मशिनीत वायर खोवली, तीच तार छेडली. खणखणीत, ताठ, मेलेला. पुन्हा पुढे आला. पुन्हा भरून आला. पुन्हा मागे. मांडवातल्या लोकांना वाटलं सूर जुळवतोय. एक म्हातारा ओरडला, "अरे जुळव की पटापट, अक्षदा सुकतील!" सगळे हसले. निवृत्तीही हसला. दुसरं काय करणार?

मग तो पार्टीचे दोन्ही नियम मोडायला निघाला. नाथाची मशीन बंद केली आणि मागची फळी काढून आत नुसतं डोकावला. हात घालायची वेळच आली नाही. ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला जांभळा रेशमी दोरा होता.

त्याने मान वर केली तर मांडवाच्या दाराशी फेटा बांधलेला गोरक्ष उभा होता. पाहुण्यांना गंध लावायची वाटी त्याच्या हातात होती. त्याने निवृत्तीकडे पाहिलं, उघड्या फळीकडे पाहिलं, आणि समोरच्या पाहुण्याला गंध लावायचं राहून गेलं.

तिथल्या तिथे ती वाटी त्याच्या तोंडावर मारावी असं निवृत्तीला वाटलं. वाटणारच. अख्खे सहा महिने या माणसाने त्याला जिवंतपणी बहिरं करून ठेवलं होतं. पण समोर कला हिरव्या शालूत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता. निवृत्तीने फळी लावली, स्क्रू पिळले आणि वाजवायला सुरुवात केली. असं वाजवलं की आचारी झारा हातात घेऊन बघायला आले. मंगलाष्टकं झाली, अक्षदा पडल्या, पंगती बसल्या, तो वाजवतच होता. कोणाला तो आनंद वाटला असेल. तो संताप होता.

पंगतीच्या गडबडीत गोरक्षच त्याला चुलवणाच्या मागे घेऊन गेला. फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"नाथाला हुंडा नको होता," तो म्हणाला. "तो म्हणाला, तुमच्या कलात काही कमी नाही. कमी माझ्या मशिनीत आहे. निवृत्तीच्या मशिनीसारखी करून दे, मग बोलू. मी करून बघितलं, निवऱ्या. नवीन गुंडाळला, तीनदा गुंडाळला. तो आवाज येईना. आणि तिकडे आई रोज रडायची."

"मला मागितला असतास तर?"

"तू दिला असतास."

"मग?"

"मग कलाचं लग्न तू लावलं असतंस. आयुष्यभर मी तुझ्या उपकारात. ते मला नको होतं."

हा माणूस उपकार घ्यायला लाजत होता आणि चोरी करायला लाजला नव्हता. "ट्रान्सफॉर्मर नेलास, ठीक आहे," निवृत्ती म्हणाला. "बहिणीसाठी माणूस काहीही करतो. पण माझे कान कशाला नेलेस, गोऱ्या? मी तुझ्या दुकानात बसून रडलो होतो. तू मला चहा पाजलास."

"तू रोज यायचास. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. एकदा बोलून गेलो, मग मागे फिरता येईना."

"मी मुंबईला नाही म्हटलं!"

"ते..." गोरक्षने मान खाली घातली. "ते एकट्या माझ्यावर घालू नको. मी घरी विचारल्याशिवाय नाही केलं."

"कोणाच्या घरी?"

गोरक्षला आतून कोणीतरी हाक मारली, आणि सुटका झाल्यासारखा तो फेटा सावरत निघून गेला.

निवृत्ती न जेवता घरी निघाला. मालन लग्नाला आली होती, बायकांच्या बाजूला बसलेली त्याने पाहिली होती. पंगतीत मात्र ती दिसली नव्हती. पोरं आत्याबरोबर मांडवातच राहिली होती. रस्ताभर तो स्वतःला सांगत होता की गोरक्ष आपल्या आईबद्दल बोलला असेल, नाथाच्या घराबद्दल बोलला असेल. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, तसं चाललं होतं.

मालन दारातच बसली होती. अंगावर लग्नातलंच लुगडं, हातात काही काम नाही. तिला रिकामं बसलेलं त्याने याआधी पाहिलं नव्हतं.

"जेवली नाहीस?"

"पहिला सूर ऐकला आणि उठले," ती म्हणाली. "म्हटलं, आता तुम्हाला कळणार."

निवृत्ती उंबऱ्यावर बसला.

"मशीन दुकानात होती तेव्हा गोरक्षभाऊ आले होते. तुम्ही कामावर होता," मालन सांगायला लागली. "म्हणाले, वहिनी, ट्रान्सफॉर्मर नाथाला दिला तर कलाचं जमतं. निवऱ्याला ओळखू येईल, तुम्ही तेवढं सांभाळा. मी म्हटलं, न्या."

"न्या म्हणालीस."

"तुम्ही नोकरी सोडणार होता. मला विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. माझे वडील असेच पार्टीबरोबर गावोगाव गेले. लोक म्हणायचे, काय गळा आहे! आणि आई आम्हाला मांडीवर घेऊन विड्या वळायची. एका वर्षी ते परत आलेच नाहीत. मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं असतं तर तुम्ही राहिला असता?"

निवृत्तीने प्रामाणिकपणे विचार केला. राहिला नसता. पण ते कबूल करायची आज त्याची इच्छा नव्हती.

"आणि कानाचं?"

"ते त्यांनीच काढलं. मी फक्त खोटं आहे असं म्हटलं नाही. पहिल्या आठवड्यात सांगणार होते. मग तुम्ही मुंबईला नकार कळवला आणि रात्री पोरांमध्ये झोपलात. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. मग नाही सांगवलं."

आणि तो रोज सकाळचा कापूस? रोज वळून, डब्याशेजारी ठेवलेला? निवृत्तीने ते विचारलं नाही. त्याला वेगळंच आठवत होतं. गिटार मांडीवर घेऊन आपण हिच्यापुढे बसायचो, भीक मागितल्यासारखं विचारायचो, तोच आहे का गं? आणि नाशकात ज्या एका माणसाला फरक पहिल्या सुराला कळत होता, ते माणूस तांदळातले खडे वेचत म्हणायचं, तोच आहे.

"गोरक्षकडून मी उद्या मागून आणू शकतो," तो म्हणाला. "नाही आणणार, कलाकडे बघून. दुसरा गुंडाळीन. कान माझे माझ्याकडेच होते. मुंबई गेली तर गेली, नोकरी आहे. हे सगळं भरून निघेल गं." तो तिच्याकडे वळला. "पण मी वाजवल्यावर कसं झालं ते आता कोणाला विचारू?"

मालन खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "मला विचारा."

निवृत्तीला ते स्वच्छ ऐकू आलं. तो उठला, आत गेला आणि ऐकूच न आल्यासारखा हातपाय धुवायला लागला.